पाच बिननावाचे दिवस

दिवाडीवर राहणाऱ्या माणसाला
कुठंही जायचं तर आधी फेरीबोट धरावी लागते.
मेक्सिकोलाही.
म्हणून गुरुदासनं यादीत पहिलं लिहिलं:
पहाटेची पहिली फेरी. भरती-ओहोटी बघणे.
आणि त्याखाली: व्हिसा.

यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे.
उलटून पाहिलं की गेल्या वर्षीचा मार्च,
गॅसची खूण, दुधाचे खाडे,
एका चौकोनात नुसतंच "गुडघा".

किनारे बघायला तिकडं कशाला, बाय?
पोदेरानं विचारलं, पाव मोजता मोजता.
मी म्हटलं, सुटे नाहीत, उद्या देते.

त्याला काय सांगू.
इतकी वर्षं लोक येतात नि आमच्या बाल्कांवाचे फोटो काढून नेतात.
दोरीवरच्या माझ्या साड्या
कुठल्या कुठल्या देशांत वाळत असतील अजून.
एकीनं तर मला झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लावलं,
उजेड छान पडलाय म्हणाली.
मी झाडलं.

आता मला जायचंय.
तुळूमच्या वाळूत चपला हातात घेऊन
चुकीच्या उच्चारात रस्ता विचारायचाय,
दुप्पट भावानं टोपी घ्यायचीय,
आणि कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे बघत
उगाच थांबायचंय.
फोटो नाही काढणार.
बहुतेक नाही.

गुरुदासला पायऱ्यांची धास्ती.
चिचेन इत्साच्या त्या मोठ्या देवळाला
चारी बाजूंनी एक्याण्णव, वर आणखी एक,
वर्षाच्या दिवसांइतक्या.
मी वाचून दाखवलं, वर चढायला आता बंदी आहे.
त्याचा चेहरा असा उजळला
जसा पलीकडच्या धक्क्यावर एकही गाडी नसली की उजळतो.
तीस वर्षं हा माणूस मांडवी ओलांडतोय,
सुकाणूला हात लावून,
एका वेळी फार तर दहा मिनिटं.

मोडक्या देवळांचं कौतुक आम्हाला कुणी शिकवू नये.
नार्व्याच्या तळीकडं जाऊन बघा,
देव कधीच नदीपार गेला,
पायऱ्या मात्र अजून पाण्यात उतरतात.
तिकडंही म्हणे तसंच, खोल गोल विहिरी,
गावाच्या नावाचाच अर्थ विहिरीच्या तोंडाशी.
आत लोकांनी सोनं टाकलं, माणसंही टाकली.
आमच्या तळीत परवा एक मोबाइल पडला.

रजा पंधरा दिवसांची मंजूर.
जाण्यायेण्याचे, झोप उलटीसुलटी होण्याचे,
त्याच्या पोटाचे दोन वजा केले
तर हातात पाच राहतात.
आणि त्या लोकांच्या कॅलेंडरात
वर्षाअखेरी नेमके पाचच उरायचे.
बिनमालकाचे. वाईट.
त्या दिवसांत कुणी नवं काही काढायचं नाही,
घराबाहेरही बेतानंच.
गुरुदास म्हणाला, आपल्याकडं धोंड्याचा अख्खा महिना उरतो,
आपण जावयाला अनारसे घालतो.
आणि यादीत लिहिलं: पाच दिवस. चालतील.

मग रात्री मी ते वाचलं, चिकूचं.
ते झाड तिकडचं.
त्याच्या लाकडाच्या पट्ट्या देवळांच्या दारांवर बसवलेल्या,
हजार वर्षं होऊन गेली, अजून वजन पेलतात.
आणि मी त्याच्या खांद्यावर
मच्छरदाणीची दोरी बांधते.
सासऱ्यांनी लावलेलं, विहिरीमागचं,
वटवाघळं ज्याची अर्धी फळं नेतात,
ते आमच्याआधी हा समुद्र ओलांडून आलं,
कुणाच्या गलबतात, कुणाच्या खिशात,
कुणी विचारलं नाही किती दिवस राहणार.

बॅटरी घेऊन मागं गेले.
झाडाला काही विचारायचं असं मनात होतं,
पण डास फार होते.
चार फळं काढली, खरखरीत, दगडासारखी,
आणून तांदळाच्या डब्यात पुरली.

सकाळी यादीत, विमा आणि रोख डॉलर यांच्यामध्ये,
त्याच्या तिरक्या अक्षरात एक ओळ वाढलेली:
चिकू. रविवारी दाबून बघणे.