मानस

चोडणच्या फेरीबोटीतून उतरले तेव्हा पिशवीत
चाळीस प्रश्नावल्या होत्या, दोन पेनं,
आणि एक गृहीतक, अजून घडी न मोडलेलं:
खाजनाकाठी एकटी राहणारी म्हातारी माणसं
गावातल्यांहून अधिक एकाकी असतात.

इनास कुतिन्होनं दार उघडलं
कारण मी म्हणाले, मानसशास्त्र विभागातून आलेय.
"पावली एकदांची. ये बाये, फळी कुसल्या."
आणि बांधावरून मला थेट नेलं मानशीपाशी.
इकडे मानस म्हणजे खाडीचं दार.
माडतीच्या दोन फळ्या;
भरतीला पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं.
खुलासा करायला मला अर्धा तास लागला.
संमतीपत्रावर त्यानं सही केली ती तरीही
फळीच्याच आशेनं, असं मला वाटतं.
परिशिष्टात हे नाही.

प्रश्न सातवा. मला एकटं वाटतं:
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बरेचदा, सतत.
हे वाक्य समितीनं इंग्रजीतून मराठीत आणलं,
मराठीतून कोंकणीत, मग पडताळ्यासाठी परत.
जाताना एकटा होता, तिथे एकसुरो झाला,
परतीच्या वाटेवर एकसुरी,
आणि शेवटच्या अनुवादकानं लिहिलं, कंटाळवाणा.
सर म्हणाले, फरक किरकोळ आहे.

इनासनं बराच वेळ घेतला.
"एकसुरो, हय. एकटो न्हय. मानस आसा मगे."
कुठली मानस, हे विचारायची मुभा नव्हती.
मी चारवर खूण केली.

पंधरा दिवसांनी पुनर्चाचणी.
तीच माणसं, तेच प्रश्न,
आणि पट्टी भरवशाची असेल तर तेच आकडे.
टेबलावर सुंगटांची किसमूर झाकून ठेवलेली,
दोन पेले, दुसरा नुकताच विसळलेला, ओला.
सातव्याला तो म्हणाला, दोन.
"पंधरा दीस मोजले हांवें."

चाराचे दोन कुणी केले
हे पट्टीला विचारता येत नाही.
पट्टी घेऊन मीच तर आले होते,
तिच्यावरच्या रेघांच्या मधोमध बसून
किसमूर खाल्ली होती.

अंधार पडल्यावर तो कंदील घेऊन निघाला.
कुर्ल्या बांधाला बिळं पाडतात.
भाताचा कोंडा तो मुठीमुठीनं पाण्यावर टाकतो
आणि बघत उभा राहतो,
कुठे ओढला जातोय.
मी विचारलं, बांध धड आहे हे कसं कळतं?
हसला. "धड आसा तें कोण सोदता?
फुटला खंय, तें सोदपाचें."
टोकापर्यंत गेलो. कोंडा जागच्या जागी तरंगत राहिला.
"आयज मेळूंक ना," एवढंच म्हणाला.
धड आहे, असं एकदाही म्हणाला नाही.

परतीच्या फेरीबोटीत माझ्या लक्षात आलं:
गावातल्या घरांना मी गेले होते सुट्टीच्या दिवशी, सकाळी,
पोदेर पाव देऊन गेल्यावर, अंगणं झाडलेली असताना.
खाजनातल्यांना मात्र कॉलेज सुटल्यावर,
दिवेलागणीला,
जेव्हा कुणालाही विचारलं तर चारच म्हणेल,
मलाही.
चाळीस घरं फिरले
आणि एक मूठ कोंडा टाकला नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.
म्हणाले, मर्यादांच्या परिच्छेदात घाला.
क्रमांक एकतीस अस्थिर आहे, वगळा.
वगळल्यावर आकडे खरंच छान दिसू लागले.

मग मी एक अर्ज लिहिला, मृदसंधारण खात्याला.
विषय: मौजे चोडण येथील मानस,
कुसलेली फळी बदलणेबाबत.
त्यात सरासरी नव्हती, नमुना एकच.
फळी बोटानं दाबली तर आत जाते, एवढं लिहिलं,
कुणीही येऊन दाबून बघावी.

तीन आठवड्यांनी तो अर्ज
दोन शिक्के घेऊन, योग्य त्या कार्यवाहीसाठी,
आमच्याच विभागात आला.