सत्तावीस पोती

लाखांदूरच्या रस्त्याला आमची मिल, काट्यावर मी.
अख्खा तांदूळ एका दाराने जातो, कणी दुसऱ्या.
अख्ख्याला पांढरी पिशवी, वर मोराचं चित्र,
कणीला जुना बारदाना, उसवला की दाभणाने पुन्हा शिवलेला.
कणीचा ट्रक कुठं चालला ते मी वहीत लिहितो:
कधी कोंबड्यांकडे, कधी स्टार्चच्या कारखान्यात,
ऊन तापू लागलं की बिअरच्या कंपनीत.
तेव्हा भाव दोन रुपयांनी चढतो.
चोवीस. वहीत आहे.

हे मी दुधराम चेटुलेला सांगायला नको होतं.
अठरा वर्षं त्यानं पाठीवर कणी वाहिली,
त्याला वाटायचं, सगळी कोंबड्याच खातात.
"मंग बिअरमंदी आपलीच कनी रायते?"
असेल. आपली, नाहीतर गोंदियाची.
"चाखून पाहा लागन."

शनिवारी चुकारा झाला.
बाटली एकशे नव्वदची, थंड पाहिजे तर वर दहा.
दुधरामनं गरमच आणली.
पाण्यात कागद सुटेल म्हणून
मी आधी टॉर्च धरून मागचं बारीक वाचून घेतलं.
पाणी.
जव. ते आम्ही पूजेच्या पुडीत तेवढे पाहिलेले.
तांदूळ किंवा मका,
कंपनीलाही नक्की सांगता येत नाही.
साखर.
हॉप्स.
"हे का होय?"
थंड मुलखातल्या कुठल्या वेलीचं फूल, कडूपणासाठी.
"अन् आपल्या कडूनिंबाले का झालं?"
ही कौतिका. मिलच्या अंगणात कोंडा झाडते.

मग ओल्या बारदान्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून
दुधरामनं बाटली नहरात सोडली
आणि दोर धरून काठावर बसून राहिला,
म्हैस पाण्यात घातल्यासारखा.

झाकण काट्याच्या लोखंडी कडेवर ठोकून उघडलं.
लाल आकडा शून्यावरून हलला नाही.

पहिला घोट नुसता थंडावा, दाताच्या मुळाशी.
दुसऱ्याला थोडं लोखंड, थोडा भिजलेला पुठ्ठा.
तिसऱ्याला मागून गोडसर काहीतरी,
आंधण उतू जाऊन राखेत पडल्यावर येतं तसं.
मग ढेकर, कडू सगळं तिच्यात.
तांदूळ कुठंच नाही.

दुधरामनं डोळे मिटून घोट जिभेवर धरला,
अंधारात खिशातली किल्ली चाचपावी तसा.
"पेजीले वास येते कनीचा. धोवनाले येते.
ह्याच्यात त काहीच नाही."
चवीसाठी घालतच नाहीत, मी म्हणालो,
चव जास्त होऊ नये म्हणून घालतात.
त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.
कौतिकानं एक घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं,
"तीन दिसाचं सिळं धोवन," म्हणाली,
आणि पुन्हा बाटली मागितली.

मी हिशेब केला. सवय आहे.
बाटलीत कणी मूठभर, धरा चाळीस ग्रॅम,
चोवीसच्या भावाने शहाण्णव पैसे.
एक पोतं ट्रकात चढवायचे दुधरामला सात.
सत्तावीस पोत्यांचे एकशे एकोणनव्वद.
बाटलीला रुपया कमी पडतो.
"पडू दे," तो म्हणाला,
"कनी मी माह्यी टाकतो, बाकीचं त्यायनं द्यावं."

रिकामी बाटली कौतिकानं नेली,
जवसाचं तेल ठेवायला.

सोमवारी ट्रक लागला. तिसऱ्या थप्पीतलं एक पोतं
शिवणीवर फुटलं, कणी ओट्यावर सांडली.
दुधरामनं चिमूटभर तोंडात टाकली
आणि उभ्या उभ्या चावत राहिला.
ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.
मी खिडकीतून विचारलं, लागली का चव?
त्यानं हातानंच थांब म्हटलं.