आठवा पाय

सप्ताहाच्या पाचव्या रात्री देवळाच्या मांडवात
कोल्हापूरकडचे एक व्याख्याते आले. सोबत पडदा, प्रोजेक्टर,
आणि एक सरडा, घराएवढा, दोन पायांवर उभा.
त्याच्या शेजारी त्यांनी पोथीतला शरभ उभा केला.
म्हणाले, हाच तो. आपल्याला सगळं ठाऊक होतं.
टाळ्या पडल्या. मीही एक वाजवली,
मग हात तसेच राहिले.

लोक अप्पांकडे वळले. चाळीस चातुर्मास पोथी वाचलेले अप्पा
चष्म्याची दोरी कानात अडकवत म्हणाले,
"शब्द आहे. आठ पाय सांगितलेत.
सिंहाला भारी होता म्हणे.
पाऊल केवढं, ते सांगितलेलं नाही.
आणि आमच्या त्या पानाला कसर लागल्येय."
एवढंच. व्याख्याते हसले, वायर गुंडाळू लागले.

सकाळी अप्पांनी छत्री घेतली. मला म्हणाले, चल.
देवगडाकडच्या त्या सड्यावर धाकू झोरे म्हशी राखत होता.
आम्ही काही विचारायच्या आत
त्याने काठीनं वाळलेलं गवत सारलं:
कातळात कोरलेलं जनावर, नऊ हात लांब,
पाठीला बाक, तोंड समुद्राकडे.
कोणी कोरलं? पांडवांनी, एका रात्रीत.
न उलगडणारं सगळं इकडे त्यांच्याच नावावर चढवतात.

अप्पांनी वहाणा काढल्या. वाकून पाय मोजले.
सात.
"आता सातच," धाकू म्हणाला.
"उन्हां कलली काय आठ होतत. बसा वाईच."

बसलो. सावली छत्रीपुरती.
मला लवू तारीचे हात आठवत राहिले.
खोल पाण्यात एकदा त्याच्या होडीखालून काहीतरी गेलं होतं.
केवढं, विचारलं तर हात फाकतो, ते पुरत नाहीत,
मग म्हणतो, ह्या माडापासून त्या माडापर्यंत.
दर वर्षी दुसरा माड थोडा लांबचा असतो.
खोटं नाही बोलत तो.
त्या दिवशी त्याच्या होडीवर
खालून सावली पडली होती.
पोथीत तिमीला गिळणारा तिमिंगिल आहे,
आणि त्यालाही गिळणारा आणखी एक.
कुणीतरी असेच माड बदलत गेलं असेल.

आणि पुरावा? शाळेत मी मुलांना सांगते,
जांभा म्हणजे गंजलेला दगड.
पाऊस त्यातून झिरपतो, जाताना हाडं खातो.
गेल्या खेपेला मेलेल्या धाकूच्या रेड्याचं
शिंगसुद्धा आता मऊ पडलंय.
कोटी वर्षांपूर्वीच्यांनी इथे काय ठेवून जायचं?

साडेचारला उन्हं तिरपी झाली.
पोटाखालच्या एका रेषेत काळोख भरला,
वरून खाली, हळूहळू,
जनावरानं वजन टाकावं तसा.
"आठवा," अप्पा म्हणाले.
पाय म्हणाले की आज्ञा केली, मला कळलं नाही.

रेषेत बोट घालून ते कितीतरी वेळ चाचपत होते.
"तडा आहे." मग, "नाही, छिन्नी लागल्येय."
मग बोट काढून धोतराला पुसलं.
"तडा आधीचा असेल. त्यालाही इथे
पायच दिसला असेल कुणाचा तरी.
मग बाकीचं जनावर त्यानं जोडलं."
धाकूने म्हशी वळवल्या. त्याला ह्यात नवीन काही नव्हतं.

सातव्या रात्री वाचताना तो शब्द आला.
दोन अक्षरं, मग कसरीचं भोक,
भोकातून मागच्या पानावरचा कुठलासा काना दिसत होता.
अप्पा थांबले. मला वाटलं, पाणी हवंय.
त्यांनी पोथीवरचा हात उचलला, दुसराही,
आणि दोन्ही बाजूंना नेत राहिले,
उपरणं खांद्यावरून घसरेपर्यंत.
खांबाला टेकलेला लवू तारी
एकदम सरळ झाला.
"अजून," तो म्हणाला. "वाईच अजून."