टाचण

इयत्ता सहावी. घटक : ध्वनी. तासिका चौथी.
उद्दिष्टाच्या रकान्यात मी लिहिलं,
'विद्यार्थी लहान आणि मोठा आवाज यांतला फरक सांगतो.'
सांगतो. क्रियापद नेहमी असंच,
जणू उद्याचा दिवस होऊन गेलाय
आणि मी फक्त त्याची नक्कल उतरवतेय.

साहित्य : रिकामा डबा, फुगा, रबरबँड, चिमूटभर साखर,
स्टीलचा चमचा, दोरा,
आणि आहिरराव सरांनी फोनमध्ये टाकून दिलेलं ॲप.
आवाज दिला की त्यात हिरवी रेघ उठते.
प्रोजेक्टर. त्याच्यापुढे बारीक अक्षरात : वीज असल्यास.

रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभी राहून
चमच्याला दोरा बांधला,
दोऱ्याची दोन्ही टोकं बोटांनी कानांत दाबून धरली
आणि चमचा कडप्प्यावर आपटला.
देवळातली घंटा, थेट डोक्याच्या आत.
नवरा डोकावून म्हणाला, बरी आहेस ना?

मागच्या वर्षी हाच घटक मी फळ्यावर संपवला होता.
व्याख्या, आकृती, वहीत उतरवा.
परीक्षेत सगळ्यांचं बरोबर आलं.
सगळ्यांचं, शब्दाला शब्द.
तेच टोचत राहिलं वर्षभर
वहीत विसरलेल्या टाचणीसारखं.

सकाळी सातपूर.
वीज होती. हे मुद्दाम लिहितेय,
कारण असल्या गोष्टींत ती नेमकी जाते.
डब्यावरची साखर नाचली.
चमच्यासाठी दोन गटांत मारामारी.
भाविकाने प्रयोग खाऊन टाकला.
दहा मिनिटांची कृती बावीसवर गेली
आणि मी घड्याळाकडे बघणं सोडलं.

मग रेघ.
एकेकाने पुढे यायचं, आपलं नाव म्हणायचं
आणि भिंतीवर ते उभं राहताना बघायचं.
कुणाचं नाव रामशेजएवढं,
कुणाचं पांडवलेणीच्या टेकडीएवढं,
लाजऱ्या यज्ञेशचं नुसता गतिरोधक.

दुर्वेश कुवर आला.
ज्याला मी जूनपासून रोज सांगते,
हळू बोल रे, आम्ही काय बहिरे आहोत?
तो म्हणाला, दुर्वेश.
रेघ पडदा सोडून वर निघून गेली.
वर्ग हसला. मीही हसले.

तो रेघ गेली त्या जागेकडे बघत राहिला.
"घरी एवढं लागतंच मॅडम.
पप्पा प्रेस शॉपला आहेत, सोळा वर्षं झाली.
याच्यापेक्षा खाली बोललं
तर त्यांना नुसते ओठ हलताना दिसतात."

मागून एक हात वर. माझे पण, फोर्जिंगला.
आणखी एक. माझे काका.
पंखा चालू होता. कुणी काही बोलत नव्हतं
आणि भिंतीवरची रेघ तरीही सपाट होत नव्हती,
बारीक थरथरत होती,
एमआयडीसीकडून काहीतरी सतत येत होतं
जे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं, सवयीने.

टाचणात सहा प्रश्न काढले होते मी.
सातवा यज्ञेशने विचारला, त्याच्या त्या गतिरोधकी आवाजात :
"चमच्याचा आवाज तर आतून येतो ना?
मग त्याच्या पप्पांना येईल का?"

मला माहीत नाही, असं मी म्हणाले.
वर्गात हे वाक्य मी किती वर्षांनी म्हणाले!
'दृढीकरण' राहिलं. 'मूल्यमापन' राहिलं.
घंटा झाली तेव्हा दुर्वेश
दोऱ्याचा गुंता न होऊ देता
चमचा कंपासपेटीत ठेवत होता.

शनिवारी पगारे मॅडमनी वही तपासली.
शेरा : 'नियोजित वेळेत घटक पूर्ण करावा.
वापरलेले साहित्य परत जमा करावे.'
खाली सही, तारीख.

डबा जमा केला. रबरबँड जमा केला.
चमचा तसा माझ्या घरचाच आहे.
आठवडा झाला, जेवायला बसलो की
एक कमी पडतो.
मी मागितलेला नाही.