भाड्याची गाणी

खोली भाड्याची, पाचपावलीत.
टॉप-बेस भाड्याचे,
जनरेटर शेषराव लांजेवारचा, तासाच्या हिशोबानं.
आणि गाणी? तीही भाड्याचीच.
दर महिन्याच्या सहा तारखेला खात्यातून पैसे कटतात
तेव्हा कोट्यवधी गाणी पुन्हा महिनाभर माझी होतात,
म्हणजे होत नाहीत, दाराशी उभी राहतात,
बोलावलं की आत येतात
चप्पल न काढता.

निमजेचा पिंट्या अजून हार्ड डिस्क घेऊन फिरतो,
रुमालात गुंडाळून, बनियनच्या आत.
मी त्याला हसायचो,
अबे, काहून वागवून राहिला हे ओझं?
शोध, डेकवर ओढ, बीट जुळव, सोड.
तो म्हणे, माह्यं गाणं माह्याजवळ हाय न बे.

एक मात्र खरं.
भाड्याचं गाणं डेकवर आलं
की सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डचं बटण झोपून जातं.
राखाडी. दाबा, दाबत राहा.
वाजवा, पण ठेवू नका, असा करार.
सहा वर्षांच्या वराती, हळदी, गणपती,
कुठल्या रात्री काय जुळून आलं होतं
त्याची खूण माझ्याकडे नाही.

मारबतीच्या दिवशी इतवारीत
गाडी तसूभर पुढे सरकेना.
काळी निघाली, पिवळी निघाली,
मागून बडगे, त्यात एक मोबाइलच्या बिलाचा,
फुगलेल्या पोटाचा, गळ्यात चार्जरची वायर.
आणि सगळं शहर एकाच मिनिटाला
त्याचा व्हिडिओ चढवू लागलं.

रेंजची एक काडी उरली. मग तीही गेली.
डेक एकवर गोल गोल फिरणारं चाक.
डेक दोनवर अर्धी लाट,
पुढे सपाट.
पोरं वर बघू लागली. भाऊ, बजाव न!
लावून राहिलो, थांब.
शेषराव जनरेटरला टेकून घड्याळ बघत होता.

लॅपटॉपमध्ये माझ्या मालकीचं काय होतं?
आधार कार्डाचा फोटो,
लाइट बिलं,
आणि बावन्न सेकंद, कळमन्याच्या यार्डातली.
मृगाच्या संत्र्याचा लिलाव,
ढेरीजवळ स्टुलावर उभे बाबा, दुर्योधन सेलोकर,
गळ्याच्या ऑपरेशनआधीचा फेब्रुवारी.
खर्रा सुटला नाही, आवाज सुटला.

डेकवर टाकलं.
सॉफ्टवेअरनं क्षणभर विचार केला, आकडा दिला:
एकशे चौदा.
तीस वर्षं हा माणूस ठेक्यात ओरडत होता
आणि आम्ही घरी म्हणायचो, जरा हळू बोला.

सत्तावीसशे, वीस, वीस, चाळीस,
चाळीस, बोला शेठ, चाळीस.
खाली नुसता बेस धरला.
चाळीसवर लूप.
आधी हमालांची एक टोळी हलली,
त्यांना तो गळा ओळखू आला असेल, नसेलही.
मग किराणा ओळीतली पोरं,
मग कोणीतरी त्याच ठेक्यात सुरू केलं,
घेऊन जा गे मारबत,
रेंज नसणं घेऊन जा गे,
आणि तीन वारला
हात सगळे एकदम खाली.

तेव्हा दिसलं,
रेकॉर्डचं बटण जागं होतं.
लाल.

रात्री बाबांना ऐकवलं.
एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या.
अकरा मिनिटं हलले नाहीत.
मग गळ्यावरचा रुमाल सारखा करून
आता जेवढा उरला आहे तेवढ्या आवाजात म्हणाले,
त्या ढेरीत खालून डागी माल होता.
चाळीस जास्तीच भेटले.

सहा तारखेला पैसे कटले.