भिंग

फाल्गुन सरता सरता, रविवारी,
बाबालाल तांबोळी घड्याळवाले
डोळ्याचं भिंग खिशात टाकून
मिरजेहून भोशाच्या पहिल्या गाडीला बसतात.
दुकान संक्रांतीलाच मिटलं.
बालकमानी उचलायला गेला
की चिमटा भलतीकडंच जातो.

दंडोबाच्या वाटेवर, दगड तापायच्या आत,
ते माझ्यापुढं चालतात
आणि मध्येच उकिडवे बसतात.
"हे बघ."
मला आधी काहीच दिसत नाही.
मग दिसते एकदांडी,
सदऱ्याच्या गुंडीएवढं फूल
आणि त्यात तोंड खुपसलेली
तिळाहून जराशी मोठी माशी.
भिंगातून ती हिरवी निघते,
मोराच्या मानेची हिरवी,
पायांना पिवळी धूळ माखलेली.

पळस होता वाटेत.
पण तो सावळजवरनंही दिसत असेल,
त्याला भिंग कशाला?

वही माझ्याकडं.
भुईरिंगणी, जांभळी, काट्यांत बसून फुललेली.
धायटीवर मुंगळे, चढते सगळे, उतरता एक.
रुईच्या पानावर पट्ट्यापट्ट्यांची अळी,
अर्धं पान संपवून गप्प.
खडकाच्या चिरेत पांढरं, चार पाकळ्यांचं
(पुढं जागा कोरी).
"नाव नसंना का," ते म्हणतात,
"लई घड्याळांवर कंपनीचं नाव नसायचं.
चालायची की."

धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे.
काडीनं कड ढासळवली,
तर तळातनं मुंगीसिंहानं माती भिरकावली.
"कमान शाबूत हाय ह्याची!"
हसता हसता त्यांना खोकला आला.
खाली बागांतून द्राक्षांच्या पेट्या भरत होत्या,
एका टेम्पोचा हॉर्न तेवढा वर येत होता.

परतताना, रुईपाशीच,
भगवं फुलपाखरू, पंखांची टोकं काळी,
त्यांच्या उजव्या हातावर उतरलं.
हात थरथरत होता, थरथरतोच.
ते उडालं नाही.
सोंड उलगडून बोटांच्या बेचक्यातला घाम
सावकाश चाखत राहिलं.
सकाळपासून वारा पडलेला,
गवताचं पातं हलत नव्हतं;
एवढी एकच फांदी कशी हलते,
असं त्याला वाटलं असेल,
किंवा वाटलंही नसेल.
बाबालाल श्वास धरून उभे.
भिंग खिशातच.

मी मनगट वळवून वेळ पाहिली.
घड्याळ त्यांनीच मागं बसवून दिलेलं,
पाच मिनिटं पुढं पळतं.
वहीत लिहिलं: भगवं, एक, नऊ दहा.
कशावर बसलं होतं,
ते लिहायचं राहिलं.