नऊच्या आसपास

ताकोरादीच्या गोदामात पहिल्या दिवशी
मला एक सुरी मिळाली आणि एक पोकळ लोखंडी शलाका.
"पोत्याच्या तोंडाशी खुपसू नकोस," अराबा क्वान्साह म्हणाल्या,
"तोंडाशी सगळीच पोती गोड बोलतात."
म्हणून कुशीत, तळाशी, शिवणीजवळ,
अंगठा सुजेपर्यंत.

कोणती पोती, तेही माझ्या नजरेनं ठरवायचं नाही.
पत्र्याच्या डब्यात आकडे लिहिलेली बाटल्यांची बुचं होती.
डबा खुळखुळवायचा, डोळे मिटून बूच काढायचं,
निघेल त्या पोत्यापाशी जायचं,
ते तिसऱ्या थरात, कोळिष्टकांमागे असलं तरी.
पहिल्याच आठवड्यात मी एक बूच गुपचूप परत टाकलं.
त्यांनी न बघता म्हटलं, "तेच काढ."

मग ढीग पसरायचा, चार भाग करायचे,
समोरासमोरचे दोन बाजूला सारायचे, उरलेले कालवायचे, पुन्हा चार.
शितावरून भात कळतो खरा,
पण आधी तळापर्यंत डाव फिरलेला असावा लागतो.

शेवटी मोजून तीनशे बिया.
प्रत्येक उभी चिरायची.
आत तपकिरी, भेगाळलेली: ठीक.
पाटीच्या रंगाची, घट्ट, न आंबलेली: वेगळी ठेव.
जी बी कळली ती उरली नाही.
सगळाच कोको कळायला हवा असेल
तर जहाजात भरायला काय राहणार?

जानेवारीत क्रेन बिघडली,
सहाऱ्यावरून आलेली कोरडी हरमाटन
धुळीसकट गोदामात मुक्कामाला बसली.
कुणी न उचललेल्या एका जुन्या लॉटकडे बोट दाखवून
त्या म्हणाल्या, "काप."
पाटीच्या रंगाच्या अकरा निघाल्या.
"पुन्हा." त्याच लॉटमधल्या दुसऱ्या तीनशे. सात.
"पुन्हा." नऊ.
मला वाटलं, माझाच हात चुकतोय.
आठ. बारा. नऊ.
भिंतीवर आकडे ओळीनं मांडले,
जो येईल त्याच्या डोक्यावर कोळशाची एक रेघ, रेघेवर रेघ.
एकदा चार आले. एकदा सोळा,
आणि ती रेघ मी पुसायला निघालो होतो.
"राहू दे. तोही याच ढिगाचा मुलगा."

पाचव्या दिवशी भिंतीवर टेकडी उभी होती.
नऊपाशी उंच, दोन्ही अंगांनी उतरत गेलेली.
लॉटमध्ये तर बी दोनच जातीची, आंबलेली किंवा न आंबलेली,
तिथे कुठली टेकडी?
ती माझ्या पुन्हा पुन्हा जाण्यातून उगवली होती.

"हिला अरुंद करता येईल?"
"येईल की. तीनशेच्या जागी बाराशे काप."
चौपट कष्ट, निम्मी शंका.
हा भाव मला अजून महाग वाटतो.

मार्चमध्ये सेफ्वीहून अफिबा आली,
गावच्या मंडळाचा लॉट घेऊन, ट्रकमध्ये पोत्यांवर बसून.
नियम असा: तीनशेत नऊपर्यंत पहिली प्रत.
मी बुचं काढली, कालवलं, चिरलं.
दहा.
तिनं ताटातल्या अर्धुकांकडे पाहिलं.
"एका बीसाठी?"

मी भिंतीकडे पाहिलं.
दहावर रेघांची रास होती, शिखराला खांदा लावून.
आठाचा लॉटही एखाद्या दुपारी दहा दाखवतो.
आणि सकाळी आठावर पास केलेला तो दुसरा,
तो आतून बाराचा असेल;
तो आत्ता जहाजात चढत होता.
फॉर्मवर आकड्यासाठी एक चौकट होती.
'आसपास' लिहायला जागा नव्हती.
अराबाबाई काही बोलल्या नाहीत,
सुरीला धार लावत राहिल्या.

मी दहा लिहिलं. दुसरी प्रत.
अफिबानं सही केली, सावकाश, पूर्ण नाव.
मग ताटातली एक अर्धी बी उचलून तोंडात टाकली,
बराच वेळ चघळली.
"ही तर चांगली होती," म्हणाली.
हो, मी म्हटलं. ही चांगली होती.